ओटीपी कुणाचा रं?

महिन्याच्या 22 तारखेला माझ्या खात्यात किती पैसे उरतात, हे इतके दिवस तिघांनाच ठाऊक होतं: मला, बँकेला आणि बायकोला. (बायकोला मी सांगितलेलं नव्हतं.) गेल्या आठवड्यापासून ते मुळशी तालुक्यातल्या एका अख्ख्या गावाला ठाऊक आहे. गावाचं नाव सांगत नाही. चुलतभाऊ तिथंच राहतो आणि मला परत जायचंय. जावं लागणार आहे. काम अजून झालेलं नाही.

काम काय, तर वडिलांच्या नावची घरपट्टी भरायची आणि नमुना 8 चा उतारा काढायचा. “सगळं ऑनलाइन झालंय आता, तू फक्त ये,” असं भाऊ म्हणाला. ऑनलाइन आहे तर कोथरूडातल्या कोथरूडात का नाही होत, हे विचारायचं त्या क्षणी सुचलं नाही. चांदणी चौकात अर्धा तास, मग पौड मागे टाकून पुढे, असं करत साडेदहाला ग्रामपंचायतीत हजर झालो.

कार्यालय उघडं, पंखा सुरू, माणूस एक नाही. भिंतीवर कुलूपबंद पेटी आणि तिच्या जाळीतून लुकलुकणारा लाल दिवा. हा दिवा लाल असला की समजायचं, काचेच्या तारेतून जो उजेड यायचा असतो तो येत नाहीये. हे मला शिपायानं सांगितलं. तो दारात बिडी ओढत होता.

“कुणी नाही का?”

“ऑफिस पारावर गेलंय.”

गेलं होतं खरंच. मारुतीच्या देवळासमोर पारावर संगणक परिचालक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, शेजारी विटेखाली दाबलेले कागद, आणि भोवती तीसचाळीस माणसं. गावात रेंज येते ती एकाच जागी, देवळाच्या भिंतीतल्या कोनाड्यात, जिथं एरवी पणती ठेवतात. तिथं नऊदहा मोबाइल उभे करून ठेवलेले. पहिला त्या मुलीचा. तिच्या स्वतःच्या रिचार्जच्या हॉटस्पॉटवर अख्खी ग्रामपंचायत चाललेली.

आणि कोनाड्याच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत आबा.

आबांचं वय सत्तरच्या पुढे असावं. पटका, कानात बाळी, आणि शर्टाच्या खिशात दोन चष्मे. कोनाड्याचा कारभार त्यांच्याकडे कुणी दिला, हे कुणालाच सांगता येईना. मी फोन घेऊन पुढे झालो, तसा त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळला.

“पाव्हणं, वाईच सरका. रेंज आडती.”

“माझ्यामुळे?”

“आंग हाय की तुमचं भरपूर.”

मी सरकलो. आठवड्यातून तीन दिवस हनुमान टेकडी चढणारा माणूस मी. पण सरकलो.

पद्धत अशी होती. फोन आबांकडे द्यायचा. आबा तो कोनाड्यात लावणार. कोनाड्यातही प्रती होत्या: मारुतीच्या बाजूची कड उत्तम, मधली बरी, आणि कोपऱ्यात “येस्टी येती तवाच लागतंय.” आपण पाराच्या पलीकडे जाऊन बसायचं. मुलगी माहिती भरणार, ओटीपी सुटणार, फोन ‘टिंग’ करणार, आणि आबा चष्मा बदलून तो चारचौघांत पुकारणार. चारचौघांत कुठला, अख्ख्या आळीत.

“आट-शून्य-तीन-तीन-येक-सात! कुनाचा रं?”

“माझा, आबा!” कुठल्यातरी म्हातारीचा आवाज.

“मागल्या टायमालाबी तीन-तीनच आलतं तुला. लकी हाय तुझा.”

मुलगी खाली मान घालून आकडे टाकते. ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका’ असं त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, आणि आबा तेही वाचतात, प्रामाणिक माणूस. इंग्रजी आलं की शेजारचा सातवीतला पोरगा दुभाषा. ग्रामदैवताच्या साक्षीनं वाचलेल्या ओटीपीवर गावात आजवर एकदाही फसवणूक झालेली नाही, असं भाऊ नंतर म्हणाला. मला त्यावर वाद घालता आला नाही.

माझा ओटीपी आला, पुकारला गेला, टाकला गेला. घरपट्टी फोनवरून भरायला मला एक मिनिट कोनाड्यापाशी उभं राहायची परवानगी मिळाली. भरली. “सरका” आलं. सरकलो. आणि मी पाराला वळसा घालेपर्यंत बँकेचा मेसेज आला.

“पाव्हन्यांचं पैसं गेलं बरं का!” आबांनी जाहीर केलं. मग फोन हातभर लांब धरून, “आन ह्ये अव्हेल बॅल म्हंजी काय रं?”

“शिल्लक, आबा.”

“तीन हजार दोनशे अकरा?” आबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. “आन चाळीस पैशे.”

पारावर शांतता पसरली. लग्नात वरमाय रुसल्यावर पसरते तशी. मग एक बाई हळूच म्हणाली, “पुण्यात खर्चबी लय असतोय.” समोरच्या टपरीत मी दोन चहा घेतले होते, पैसे द्यायला गेलो तर टपरीवाला हात जोडून म्हणाला, “राहू द्या पाव्हणं, पुढच्या वारी द्या.” माझी मुदत ठेव आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, हे मी त्याला सांगायला लागलो आणि सांगताना माझा मलाच इतका राग आला की बोलायचं नको. उताऱ्याच्या पानावर चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. दुपारी एकला मुलीच्या फोनचा त्या दिवसाचा डेटा संपला आणि कार्यालय बंद झालं.

ग्रामसेवक भाऊसाहेब भेटले तेव्हा. हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, पण हाक तीच आहे. मी तावातावानं विचारलं, हा काय प्रकार? त्यांनी शांतपणे सगळी कुळकथा सांगितली. 2011 च्या ऑक्टोबरात दिल्लीनं ठरवलं की देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरनं जोडायचं. 2015 मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं. पुढच्या टप्प्यात आपल्या राज्यानं काम अंगावर घेतलं, त्याचं नाव महानेट. तर तार आली, पेटी आली, फोटो निघाले.

“मग?”

“मग नळाचा चर खणला.”

तार कुठं तुटली हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ओढ्याच्या अलीकडे, जेसीबीच्या दातात आली. लोकांनी व्हिडिओसुद्धा काढला. पाठवता आला नाही, नेट गेलं होतं.

“नळ फुटला तर काय करता?”

“आम्ही जोडतो.”

“आणि ही तार?”

“आम्ही कळवतो.”

कितव्यांदा कळवलं ते त्यांनी वहीत दाखवलं. पान उलटावं लागलं. 73 व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत अकरावी अनुसूची आली, पंचायतींसाठी 29 विषयांची. त्यातला तेरावा विषय रस्ते, पूल, नदीवरच्या तरी, म्हणजे होड्या, आणि दळणवळणाची इतर साधनं. टेलिफोन मात्र केंद्राच्या सूचीत. म्हणजे नदीवरची ‘तर’ पंचायतीची आणि जमिनीतली तार दिल्लीची. पुण्यात आमच्या गल्लीत केबल गुलमोहरावरून विजेच्या खांबावर, तिथून कुणाच्या तरी गच्चीच्या पाइपावर अशी लोंबत जाते आणि नेट पळतं. तुटली की शिडी घेऊन पोरगा संध्याकाळच्या आत हजर. इथं तार नियमानं, खोल, पाइपातून पुरलेली आहे. आणि पुरलेल्याला आपल्याकडे कुणी उठवत नाही.

काचेची दोन टोकं वितळवून जोडायचं यंत्र असतं, पेटीएवढं. ते तालुक्याला एक ठेवा, आयटीआय झालेल्या चार पोरांना शिकवा, पंचायतीला जोडायचा अधिकार आणि खर्चायला पैसे द्या. एवढं साधं कुणालाच कसं सुचत नाही? ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटींची सुधारित योजना मंजूर झाली, तीत तार सरळ न नेता रिंगमध्ये फिरवणार आहेत. एका बाजूनं तुटली तरी दुसरीकडून उजेड येईल. मी हे उत्साहानं म्हणालो, तर शिपाई बिडी विझवत म्हणाला, “आमचा अजून साखरपुडा व्हायचाय.”

आणि ती मुलगी? “रिचार्जचे पैसे मिळतात का?” असं मी विचारलं. ती हसली आणि लॅपटॉप पिशवीत घातला. मानधनाचं विचारायचा धीर झाला नाही.

परवा, 2 तारखेला, भावाचा फोन आला. मागे देवळाची घंटा ऐकू येत होती, म्हणजे कोनाड्यापाशी उभा होता. मला वाटलं, उतारा निघाला.

“उतारा नाही रे,” तो म्हणाला. “आबा विचारतायत, पाव्हण्यांचा पगार झाला का?”