सुरकुतलेल्या ऑर्किडला टॉनिक पाजण्याआधी

ऑर्किडची कुंडी बदलली की थोड्याच दिवसांत पानं मलूल पडतात, आणि मग कुणीतरी हमखास तो संदेश पुढे ढकलतं: ‘ऑर्किड सात दिवसांत टवटवीत!’ उपाय असे: रोज पाणी, तांदळाचं धुवण, केळीच्या सालीचं पाणी, जोडीला १९:१९:१९ हे रासायनिक खत, तपकिरी मुळं छाटून दालचिनीची पूड, मोठी कुंडी, आठवड्याला बर्फाचे तीन खडे आणि भरपूर ऊन. इथे फक्त फॅलेनॉप्सिसबद्दल बोलू, कारण भेट म्हणून घरात येणारं रुंद, जाड पानांचं ऑर्किड बहुधा तेच असतं.

यादीतलं जवळजवळ सगळं एकाच समजुतीवर उभं आहे: झाड उपाशी-तहानलेलं आहे, त्याला काहीतरी पाजा. तहानलेलं ते असतंच. पण पिणार कशाने?

‘पानं सुरकुतली म्हणजे पाणी कमी पडतंय, रोज घाला.’ यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. पाणी पानापर्यंत पोचत नाहीये. पण ते कुंडीतच नाही म्हणून, की मुळं कुजली-तुटली म्हणून, हे पानाकडे बघून कळत नाही; दोन्हींत पान सारखंच लोंबतं. कुंडी बदलताना काही मुळं तुटतात, काही आधीच कुजलेली निघतात. उरलेल्या चार मुळांवर सगळ्या पानांचा भार येतो.

फॅलेनॉप्सिस मुळात मातीतलं नाहीच, ते झाडाच्या सालीवर वाढतं. त्याच्या मुळांवर मृत पेशींचा एक पांढुरका थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हा थर झटकन पाणी शोषतो आणि सर ओसरली की वाऱ्यावर सुकतो. सह्याद्रीत जुन्या झाडांच्या फांद्यांवर फुलणारी सीतेची वेणी ही रानटी ऑर्किड बघा. तिची जाड मुळं उघडी, सालीला चिकटलेली असतात. धो-धो पावसातही त्यांच्याभोवती पाणी साचत नाही. कुंडीत रोज पाणी ओतलं की तिच्यात मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांमधल्या फटी ओल्याच राहतात, हवा खेळत नाही आणि धडधाकट उरलेली मुळंही कुजायला लागतात. मग पानं आणखी सुरकुततात, आणि घरातलं कुणीतरी आणखी एक पेला ओततं.

त्यापेक्षा कुंडी पारदर्शक घ्या आणि मुळांचा रंग बघा. ओली असताना ती हिरवी दिसतात, सुकली की चंदेरी. चंदेरी झाली की खालून निथळेपर्यंत पाणी द्या, मग पुन्हा चंदेरी होईपर्यंत हात लावू नका. मुंबईच्या जुलैत आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये याला लागणारा वेळ अगदी वेगळा असेल, त्यामुळे ‘रोज’ काय नि ‘दर रविवारी’ काय, दोन्ही निरुपयोगी. पाणी मधल्या पोंग्यात मात्र साचू देऊ नका. तिथून कुज लागली तर झाड वाचणं अवघड.

या संदेशाला उत्तर म्हणून काही जण दुसरं टोक गाठतात: पंधरा दिवस थेंबही नको. कापलेल्या मुळांच्या जखमा सुकायला एक-दोन दिवस थांबणं ठीक. पण कॅटलिया या दुसऱ्या ऑर्किडसारखी पाणी साठवणारी फुगीर खोडं फॅलेनॉप्सिसला नसतात. त्याचा साठा पानांत, आणि तोच तर संपत आलेला असतो.

खतांबद्दल थोडक्यात. मुळं शोषत नसताना घातलेल्या १९:१९:१९ चे क्षार कुंडीत साठतात आणि नाजूक नव्या टोकांना भाजतात. तांदळाच्या धुवणातला स्टार्च ऑर्किडपेक्षा बुरशीला आणि चिलटांना जास्त आवडतो. केळीच्या सालीचं पाणी तुळशीला घालायचं तर घाला, इथे नको. नव्या मुळाचं हिरवं टोक वाढताना दिसू लागलं की खत सुरू करा, तेही पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने.

‘तपकिरी मुळं सगळी कापा.’ सगळ्यात जास्त नुकसान मला वाटतं याच ओळीने होतं. कुंडीच्या अगदी आतल्या मुळांना उजेड मिळत नाही आणि सालीचा रंगही चढतो, त्यामुळे निरोगी मुळंही पिवळट-तपकिरी असू शकतात. रंगावर जाऊ नका, चिमटीत धरून दाबा. टणक लागलं तर मूळ जिवंत. पिचकन दबलं, वरचं आवरण सुटून आत नुसता दोरा राहिला, तर मेलेलं, तेवढंच कापा. आणि नर्सरीच्या झाडाच्या बुडात अगदी मध्ये मॉसचा घट्ट गोळा सापडतो का तेही बघा. बाकी कुंडी सुकली तरी तो ओला राहतो, आणि बऱ्याचदा कुज तिथूनच सुरू झालेली असते.

दालचिनीत बुरशीला रोखणारं द्रव्य आहे, हे खरं. पण पूड ओल शोषते. पानावरच्या जखमेला चिमूटभर लावली तर चालेल, धडधाकट मुळांवर चोळली तर तीही सुकतील.

मोठी कुंडी नको: मुळांपुरती हवी, नाहीतर मधली साल दिवसेंदिवस ओली राहते. बारीक कोकोपीटही नको. सालीचे तुकडे, कोळसा, सोडणाचे खडबडीत तुकडे पुरे.

बर्फाच्या बाबतीत मात्र संदेशाला थोडं झुकतं माप द्यायला हवं. ओहायो स्टेट आणि जॉर्जिया या अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सालीत लावलेल्या फॅलेनॉप्सिसना आठवड्याला तीन खडे दिले तरी अपाय झाला नाही. म्हणजे बर्फाने मुळं गोठून मरतात हा उलट प्रचारही चुकीचाच. पण ती धडधाकट झाडं होती. बर्फ हे फक्त पाणी मोजण्याचं साधन. आजारी झाडाला बरं करायचा गुण त्यात नाही.

ऊन? थेट नको. पाणी कमी पडलेलं पान उन्हात तापून भाजतं. पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड, भरपूर उजेडात ठेवा.

राहिले ‘सात दिवस’. नवं मूळ दिसायलाच कित्येक आठवडे जातात. खोल सुरकुत्या पडलेली जुनी पानं पुन्हा पूर्ण ताठ होतीलच असं नाही; प्रगती मोजायची ती नव्या पानावर आणि मुळावर. झाड फार अशक्त असेल तर फुलांचा दांडा कापून टाका, जीव कितीही तुटला तरी.

एक महत्त्वाची गोष्ट संदेशात नाहीच. नुकतं लावलेलं झाड कुंडीत डुगडुगतं, आणि प्रत्येक हिसक्याला नव्या मुळाचं कोवळं टोक सालीवर घासून जखमी होतं. काडी खोचून सुतळीने सैलसर बांधा, आणि मूळ फुटलं का हे बघायला झाड उपसू नका.