वास कसा येतोय?

"वास कसा येतोय?" आमच्या वाइनमेकरने व्हिडिओ कॉलवर विचारलं.

मी ग्लास गरगर फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले आणि म्हणालो, "वाइनसारखा."

पलीकडे तो सांगलीत, घरच्या पलंगावर बनियनवर बसला होता. त्याने कपाळाला हात लावला.

झालं असं, की २०२० ची तोडणी उरकत आली होती. आमच्या दिंडोरीकडे वाइनची द्राक्षं जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत निघतात. शेवटची शिराझ जातीची द्राक्षं टाकीत पडली आणि हा गृहस्थ २१ मार्चला "पाडवा करून येतो, चार दिवसांचा तर प्रश्न आहे" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला सगळ्यांनी थाळ्या बडवल्या, दादाने उत्साहाच्या भरात रिकामी टाकीच बडवली. पाडवा २५ तारखेला, आणि त्याच दिवसापासून देशाला कुलूप. पेठ-सुरगाण्याची कामाची माणसं आधीच गावाकडे निघून गेली होती. उरलो आम्ही पाच जण: बाबा, दादा, वहिनी, मी आणि आई. पैकी आई माळकरी.

याचं लोकांना फार नवल वाटतं. आईला वाटत नाही. "आपण द्राक्षं पिकवतो. पुढं त्यांचं काय होतं ते त्यांचं कर्म," एवढं बोलून ती विषय मिटवते. वायनरीचा उंबरा मात्र तिने कधी ओलांडला नव्हता.

नातेवाइकांना वाटत होतं, आमची चंगळ आहे. दारूची दुकानं बंद, त्यामुळे लग्नकार्यातही तोंड चुकवणारे मामेभाऊ फोनवर माझ्या तब्येतीची चौकशी करू लागले. "तुमचं काय बुवा, दारातच गंगा!" आता या गंगेच्या लिटरालिटराचा हिशेब उत्पादन शुल्कवाल्यांच्या रजिस्टरात असतो, हे यांना कोण सांगणार? एका काकूंनी तर सॅनिटायझर म्हणून दोन बाटल्या मागितल्या. म्हटलं, काकू, वाइनमध्ये अल्कोहोल बारा-तेरा टक्के, सॅनिटायझरला निदान साठ तरी लागतं. आमची वाइन चोळलीत तर फक्त मुंग्या लागतील.

इकडे शिराझ फसफसत होती. लाल वाइनचा रस सालींसकट आंबवतात. साली वर येऊन जाड, कोमट थर धरतात आणि तो दिवसातून तीन-चार वेळा दांड्याने खाली दाबावा लागतो. एरवी दोन माणसं गप्पा मारत हे काम करायची. मी शिडीवर चढून पहिलाच जोर लावला, तर दांडा थरात रुतून बसला आणि मी त्याला लोंबकळत राहिलो. खाली दादा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. "टाकीत वाकू नका, आतला वायू लागेल," ही सूचना सांगलीहून दर तासाला यायची.

माझं खरं काम वेगळं. मी पर्यटकांना वायनरी दाखवतो. "शिराझमध्ये आधी जांभूळ येतं, मग मागून काळी मिरी..." हे मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय आणि मुंबईची माणसं डोळे मिटून माना डोलावत आलीयत. वास्तविक माझ्या नाकाचं हाड वाकडं आहे. फोडणी पार करपली तर मला वास येतो, नाहीतर नाही. पण हे आजवर कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

एका सकाळी आई चहा घेऊन शेडच्या दारापर्यंत आली आणि थबकली. "कांदा सडलाय कुठंतरी. चाळ बघा बरं."

"चाळ रिकामी आहे," बाबा म्हणाले. "उन्हाळ कांदा अजून वावरात आहे."

दादाने हुंगलं, वहिनीने हुंगलं. दोघांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला तर काहीच येत नाही," मी म्हणालो, आणि वहिनी दोन पावलं मागे सरली. वास जाणं हे त्या आजाराचं लक्षण असल्याचं तेव्हा नुकतंच टीव्हीवर सांगू लागले होते. मग सगळं कबूल करावं लागलं.

"म्हणजे ती काळी मिरी?" दादाने विचारलं.

"पाठ केलीय."

तरीही खबरदारी म्हणून त्यांनी मला त्या रात्री टेस्टिंग रूममध्ये कोंडलं. सोबत एक सतरंजी आणि टांगलेले साठ ग्लास.

सांगलीचं निदान आलं: "काका, यीस्ट उपाशी आहे. डीएपी द्यावं लागेल." एवढ्या दिवसांत बाबांना पूर्ण समजलेली ही पहिली सूचना. ते तडक गेले आणि ढकलगाडीवर अठरा-शेहेचाळीस खताची गोणी घेऊन आले. "एकरी हिशेबाने टाकू का?" फोनमधून जी किंकाळी आली, तिने कुत्रं उठून बसलं. यीस्टचं डीएपी वेगळं असतं आणि ते कपाटात डब्यात होतं, ग्रॅमात मोजून घालायचं.

दुसऱ्या दिवशीही कांदा होताच. आता तांब्याची परीक्षा. तांब्याची स्वच्छ वस्तू ग्लासातल्या वाइनमध्ये फिरवायची. वास गेला तर तो गंधकाचा, त्याला इलाज आहे. "बोर्डोच्या फवारणीसाठी आणलेलं मोरचूद आहे की पोतंभर, तेही तांब्याचंच," बाबा म्हणाले. "काका, कशालाही हात लावू नका!" (गंमत म्हणजे मोरचूद वाइनमध्ये खरोखर वापरतात, अगदी नाममात्र. पण बाबांच्या हाताला पोत्याची सवय.)

घरात तांबं शोधलं. मोटारीच्या वायरला लाख लावलेली. पाण्याचा तांब्या ग्लासात मावेना. शेवटी सगळ्यांच्या नजरा देव्हाऱ्यातल्या पळीवर गेल्या आणि पळीवरून आईवर.

आई बराच वेळ विठोबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुरती दारू झालीय का अजून?"

"नाही. अर्धवट."

"मग पापही अर्धंच."

आणि उंबरा ओलांडून आत आली. पळी तिने दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. स्वतःच बुडवली, ढवळली, ग्लास हातभर लांब धरून हुंगला. "गेला कांदा," ती म्हणाली. थांबून पुन्हा हुंगलं. "आता जांभूळ येतंय. मागनं मिरी."

माझं भाषण तिने कधीच ऐकलेलं नव्हतं.

पंपाने वाइन उंचावरून पाडून हवा दिली, वास गेला. पण तेव्हापासून सांगलीचा फोन मला येईनासा झाला. रोज सकाळी पूजा आटोपली की आईला यायचा. ती टाक्यांच्या रांगेतून फिरत हुंगायची आणि सांगायची: एक नंबर कच्चा पेरू, दोन नंबर बरा, चार नंबरला ओल्या गोणपाटासारखा येतोय, बघा बाई.

४ मेपासून दारूची दुकानं उघडू लागली. टीव्हीवर लांबच लांब रांगा. वर पाटी 'वाइन शॉप' आणि रांगेतल्या एकालाही वाइन नको. आमची खोकी होती तिथेच.

ती पळी आईने पुन्हा देव्हाऱ्यात ठेवली नाही. प्रयोगशाळेत खिळ्याला टांगली आणि बाजार उघडल्यावर मला नाशिकच्या भांडी बाजारात पाठवून नवी मागवली, वायनरीच्या खर्चाने. मार्चअखेरीला सीएंनी ती पावती काढून विचारलं, "पळी एक नग. हे कुठल्या खात्यात टाकू?"

"प्रयोगशाळेची उपकरणं," आई आतून म्हणाली.