जाणता कान, अडाणी बोटे

पन्नाशी ओलांडल्यावर गिटार शिकू लागलेल्या माणसाचा छळ बोटे करतात असा सर्वसाधारण समज आहे. बोटांचा त्यातला वाटा मी नाकारणार नाही. परंतु खरा छळ कान करतात. मी लहानपणापासून मन लावून संगीत ऐकत आले आहे. एखादा नामवंत गायक सुरापासून तसूभर ढळला की माझ्या कपाळावर आठी उमटते, आणि साथीदार समेवर किंचित उशिरा आला की मी शेजारी बसलेल्या माणसाकडे सूचकपणे पाहते. असे हे लाडावलेले, चोखंदळ कान आणि जन्मात कधी तारेला न शिवलेली बोटे एकाच देहात नांदू लागली की रोज संध्याकाळी जे काही घडते, त्याला आमच्या घरात ‘आईचा रियाज’ असे भारदस्त नाव आहे. नऊ वर्षांच्या मुलाची अशी कुचंबणा होत नाही, कारण त्याचे कान आणि त्याची बोटे दोन्ही नऊच वर्षांची असतात आणि त्याने काढलेला आवाज त्याला मनापासून आवडतो. माझ्या बोटांनी काढलेला आवाज माझ्या कानांपाशी पोहोचतो तेव्हा तिथे एक समीक्षक आधीच आसन ठोकून बसलेला असतो.

गिटार मुलाची. त्याने ती हौसेने घेतली, काही महिने वाजवली आणि मग कपाटावर ठेवून दिली. ‘नुसती पडून होती, म्हणून म्हटले बघू या’ असे मी सर्वांना सांगते. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या अपेक्षा आपोआप बेताच्या राहतात.

वाजवण्याआधी ती सुरात लावावी लागते. सहा तारांपैकी सर्वांत जाड, म्हणजे सहावी, तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने घेते आणि सर्वांत बारीक, म्हणजे पहिली, तार सुमारे ३३०, म्हणजे दोघींत दोन सप्तकांचे अंतर. लगतच्या दोन तारांचे नातेही सोपे आहे: जाड तारेवर पाचव्या फ्रेटपाशी, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या पाचव्या आडव्या पट्टीपाशी, बोट ठेवले की पुढच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. हा नियम पाचपैकी चार जोड्यांना लागू होतो आणि तिसऱ्या-दुसऱ्या तारेच्या जोडीला होत नाही. तिथे पाचव्याऐवजी चौथा फ्रेट धरावा लागतो. असे का, यालाही कारण आहे. सगळ्या तारा एकाच अंतराने लावल्या तर पहिली आणि सहावी एकमेकींशी बेसूर होतात आणि एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या साध्या जुळण्या, म्हणजे कॉर्डसुद्धा, हाताला जमत नाहीत. कारण पटले, तरी माझा हात सवयीने पाचव्या फ्रेटवरच जातो आणि त्या जोडीपाशी येऊन मी दररोज नव्याने चकते.

पुढची गंमत अशी की पोलादी तारांच्या संचाचा एकूण ताण ७० किलोंच्या घरात असतो. एक धडधाकट माणूस त्या सडपातळ मानेला अहोरात्र लोंबकळत असल्यासारखे हे आहे, आणि त्यामुळे एका तारेची खुंटी पिळली की बाकीच्या पाच जणींच्या ताणात बारीकसा फरक पडतो. सहावीपासून सुरुवात करून पहिलीपर्यंत पोहोचावे, तर सहावी पुन्हा उतरलेली असते. मानेला चिमट्याने लावायचा छोटा ट्यूनर सूर बरोबर लागला की हिरवा दिवा दाखवतो, आणि तो हिरवा झाल्याझाल्या खुंटीवरचा हात काढला तरी पुरे, त्याचे मत बदलते. बरे, ट्यूनरने पसंत केलेला सूर माझ्या कानांना पसंत पडेलच असे नाही. गिटारीवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि त्यातला गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो, ही वस्तुस्थिती आहे. पण घरातल्या माणसांना ती सांगितली, तर हे न वाजवण्याचे निमित्त आहे असे त्यांना वाटते.

बोटांच्या दुखण्याविषयी सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात उरकते. पोलादी तार बोटाच्या पेरात रुतते, तिथे खोल रेघ उमटते, काही आठवड्यांनी कातडी टणक होऊन घट्टा पडतो आणि मग दुखत नाही. अपवाद एवढाच की आठवडाभर सुटी घेतली की घट्टा मऊ पडू लागतो आणि दुखणे पुन्हा हजर होते. घट्टे पडल्याच्या सुमारास माझ्या फोनने डाव्या तर्जनीचा ठसा ओळखायचे नाकारले. मी चारचौघांत तो फोन पुन्हा पुन्हा दाबून दाखवत असे, आणि कोणी ‘बिघडला का?’ असे विचारले की शक्य तितक्या सहजपणे म्हणत असे, ‘नाही, गिटार वाजवते ना.’ आजवरच्या माझ्या वादनाला जी काही दाद मिळाली, ती या एका वाक्याला मिळालेली आहे.

डोळ्यांचा प्रश्न मात्र कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही. समोर स्टँडवर ठेवलेला कागद एका अंतरावर असतो, डाव्या हाताची बोटे त्याहून जवळ, आणि उजवा हात जिथे असतो तिथे माझ्या चष्म्याचा कोणताच भाग लागू पडत नाही. बोटे नेमकी कोणत्या तारेवर आहेत हे पाहण्यासाठी मान पुढे काढावी, तर तारांच्या जागी गिटारीची कडा तेवढी दिसते. म्हणून आपण गिटारच आपल्याकडे कलती करतो. आता तारा दिसतात खऱ्या, पण मनगट अधिक मुरडते, बोटे आडवी पडतात आणि शेजारच्या तारेला टेकून तिचा गळा दाबतात. थोडक्यात, जे पाहायचे ते पाहण्यासाठी जी बैठक घ्यावी लागते, त्या बैठकीत ते करता येत नाही. मानेच्या वरच्या कडेला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या फ्रेटपाशी बारीक ठिपके असतात. ते वादकाच्या सोयीसाठी असतात असे कळले. ते दिसणाऱ्या वयात मी वादक नव्हते.

आता अनामिकेकडे वळू. तिला उचलणारा स्नायुबंध तिच्या शेजारणींच्या स्नायुबंधांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेला असतो, त्यामुळे ती एकटीने मनासारखी हलू शकत नाही; हे शरीरशास्त्र आहे, माझा आळस नव्हे. सी या कॉर्डमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथीच्या दुसऱ्यावर आणि अनामिका पाचवीच्या तिसऱ्यावर ठेवायची असते. पहिल्या दोघी जागेवर गेल्या की अनामिका हवेत उभी राहून निर्देशाची वाट पाहते. मी उजव्या हाताने तिला धरून जागेवर नेऊन ठेवते. मग उजवा हात परत आणून तारा छेडते. तोवर गाणे बरेच पुढे निघून गेलेले असते.

कॉर्ड बदलताना पडणाऱ्या या खिंडारांमुळे माझे गाणे ओळखणे हा घरातल्यांचा करमणुकीचा विषय झाला आहे. ‘अगं, हे मघाचंच का?’ असे आमचे हे वर्तमानपत्रामागून विचारतात. मुलगा अधिक मायाळू आहे. माझी उमेद वाढावी म्हणून त्याने मला जँगो राइनहार्टची हकिगत सांगितली. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली, आणि तरीही उरलेल्या दोन बोटांच्या बळावर तो पुढे जगातल्या थोर गिटारवादकांत गणला गेला. ‘बघ आई, दोन बोटांनी!’ मुलगा म्हणाला. मी माझ्या शाबूत असलेल्या चारही बोटांकडे पाहिले आणि त्या दिवशीचा रियाज लवकर आटोपला.

वाद्यातच खोट असावी अशी शंका येणे या टप्प्यावर स्वाभाविक असते. अंगण वाकडे आहे का याची रीतसर तपासणी करून घ्यावी, म्हणून मी गिटार एका कारागिराकडे नेली आणि तारा फार उंचावर आहेत, त्यामुळे दाबल्या जात नाहीत, अशी तक्रार गंभीरपणे मांडली. त्याने बाराव्या फ्रेटवर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, बारीक पट्टी उभी धरली. अंतर अडीच मिलिमीटर भरले, आणि ते हवे तितकेच होते. मग खात्री करण्यासाठी म्हणून त्याने ती मांडीवर घेऊन जे काही वाजवले, ते ऐकताना माझे कान प्रथमच या गिटारीवर प्रसन्न झाले. ‘वाद्य छान आहे हो,’ तो म्हणाला. हे वाक्य अपमान न करता उच्चारता येत नाही, हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे?

प्लेक्ट्रमचे दुःख वेगळ्याच जातीचे आहे. बोटांच्या चिमटीत धरायचा हा प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा हलक्या हाताने धरावा असे मला गिटार शिकवणारे सर सांगतात, आणि हलक्या हाताने धरला की तो निसटून थेट गिटारीच्या पोटात उडी घेतो. तो बाहेर काढण्यासाठी गिटार उताणीची पालथी करून डोक्यावर धरावी लागते आणि हलवावी लागते. आत तो खुळखुळत फिरतो, भोकापाशी येतो, दर्शन देतो आणि लाकडाच्या आतल्या आडव्या पट्ट्यांपैकी एखादीच्या मागे जाऊन दडतो. एकदा या अवस्थेत, हात वर आणि तोंड आ वासलेले, मी भोकातून आत पाहत असताना दाराशी पाहुणे येऊन उभे होते. त्यांनी ‘चालू दे, चालू दे’ असे म्हटले. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते वादन होते.

आणि मग एफ. एफ ही बार कॉर्ड आहे. म्हणजे एकट्या तर्जनीने पहिल्या फ्रेटवर सहाही तारा आडव्या दाबून धरायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचा संसार मांडायचा. सरळ बोटाने तूप निघत नाही हे मी आयुष्यभर ऐकत आले. इथे बोट सरळ ठेवल्याशिवाय काहीच निघत नाही, आणि ठेवले तरी सहापैकी दोन तारांतून सूर निघतो, उरलेल्या चारींतून लाकूड ठोठावल्याचा आवाज येतो. तर्जनीच्या सांध्यापाशी जी खळगी असते, तिच्यात एक तार हमखास आश्रय घेते. शिवाय मानेच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, म्हणजे नटाच्या, अगदी जवळ तार सर्वांत ताठ लागते, त्यामुळे हीच आकृती पाचव्या फ्रेटवर सोपी जाते आणि नवशिक्यांच्या वाट्याला मात्र पहिल्या फ्रेटवरची येते. ही रचना कोणी केली असेल, त्याचे स्वतःचे शिक्षण बालपणीच उरकले असणार.

एफ टाळण्यासाठी मी ज्या युक्त्या योजल्या, तेवढी बुद्धी वापरून एखादी पदवी मिळाली असती. ज्या गाण्यात एफ आहे ते गाणे मला मुळातच उथळ वाटू लागले. मग पट्टी बदलून पाहिली: सी सोडून जी धरली की एफ सुटतो, पण दबा धरून बसलेला बी मायनर भेटतो, आणि तोही बार कॉर्डच असतो. तेव्हा आगीतून फुफाट्यात. शेवटी कॅपो आणला. पहिल्या फ्रेटवर हा चिमटा लावला की साध्या ई कॉर्डच्या आकृतीतून एफ वाजतो. मी तो अत्यंत आनंदाने सरांना वाजवून दाखवला. सरांनी विचारले, ‘काकू, आता या गाण्यातला सी कसा वाजवणार?’ कॅपो लागला की सगळ्याच कॉर्ड एक-एक घर वर सरकतात, आणि सी वाजवायला आता बी ची आकृती धरावी लागते. ती बार कॉर्ड आहे.

सर माझ्या मुलाहून लहान आहेत. मी त्यांना ‘सर’ आणि ‘अहो’ म्हणते, ते मला ‘काकू’ आणि ‘तुम्ही’ म्हणतात, आणि त्यामुळे रागावण्याची सोय दोघांनाही राहिलेली नाही. त्यांच्या ‘छान’ या शब्दाच्या छटा मला आता कळू लागल्या आहेत. ‘छान!’ म्हणजे पुन्हा वाजवा. ‘छान...’ म्हणजे थांबा. ‘छान, काकू, हळूहळू येईल’ म्हणजे तास संपला. तालासाठी त्यांनी मला ठरावीक लयीत ठोके देणारा मेट्रोनोम वापरायला सांगितले. हे यंत्र योहान मेल्त्सेल याने १८१५ साली स्वतःच्या नावे पेटंट करून घेतले. याच गृहस्थाने बेथोव्हेनसाठी श्रवणनळ्याही बनवल्या होत्या, म्हणजे कानांशी त्याचे वैर नव्हते. तरीही मेट्रोनोम लावला की मी किती पुढे पळते आणि किती मागे राहते, ते ठोक्याठोक्याला कळते, आणि कानातल्या समीक्षकाला आयताच लेखी पुरावा मिळतो.

पुढच्या महिन्यात सरांच्या विद्यार्थ्यांचा छोटा कार्यक्रम आहे. मी लहान गटात आहे. माझ्या शेजारी एक नऊ वर्षांचा मुलगा बसतो. तो बहुतेक तारा बेसूर छेडतो, शेवटी जोरात हात उडवतो आणि स्वतःच टाळ्या वाजवतो. परवा त्याने माझ्या तर्जनीकडे पाहून विचारले, ‘काकू, तुम्ही एवढं दाबता, मग वाजत का नाही?’ आणि स्वतःचा एफ वाजवून दाखवला. सहापैकी चार तारा वाजल्या, तर सहाही वाजल्याच्या समाधानाने त्याने माझ्याकडे पाहिले. सरांनी बसवलेल्या गाण्यात दोन ठिकाणी एफ येतो. बराच विचार करून त्यांनी वाटणी केली आहे: ते दोन्ही एफ तो मुलगा वाजवणार, आणि तेवढ्या मात्रांपुरते मी नुसते थांबायचे. ते मला व्यवस्थित जमेल असे सर म्हणाले, कारण थांबण्याचा माझा रियाज भरपूर झालेला आहे.