भुऱ्याचा हप्ता

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या बँक खात्यातून 436 आणि 20 रुपये आपोआप वजा होतात. पहिली रक्कम प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. मी कोणत्याही कारणाने गेलो तर घरच्यांना दोन लाख आणि अपघाताने गेलो तर आणखी दोन लाख, असा हा करार असून माझ्याविषयी इतका चांगला भाव आजवर दुसऱ्या कोणी दिलेला नाही. घरखर्चाच्या वहीत पत्नी ‘यांचे : 456’ अशी नोंद करते आणि लगेच दुधाच्या हिशेबाकडे वळते. यंदा मात्र तिने त्याखाली ‘भुऱ्याचे : 3,800 ?’ असे लिहिले. मी कॉलेजात घड्याळी तासिकेवर शिकवणारा मास्तर आहे. माझे मानधन तासांवर मोजले जाते, उन्हाळ्यात तास नसतात, आणि जे आधी झालेले असतात त्यांचे पैसे वाटेत कुठेतरी मुक्कामाला थांबलेले असतात. चार एकरांत कपाशी आणि तूर आहे, आणि मे-जून हे बियाण्या-खतांचे दिवस आहेत. अशा दिवसांत कुत्र्याचा विमा परवडतो का, यावर ज्या घरात गंभीरपणे चर्चा होते, त्या घराविषयी गाव काय बोलते हे मला आता नेमके ठाऊक झाले आहे.

भुऱ्या हा आमचा गावरान कुत्रा. 2023 च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीक विमा सुरू केला, तेव्हा अर्ज भरण्याच्या रांगेतून हे भुरकट पिल्लू माझ्या मागोमाग घरी आले. त्या एका रुपयातून आमच्या हाती प्रत्यक्ष लागलेली वस्तू ती एवढीच, असे आई पाहुण्यांना आजही सांगते. पुढे भुऱ्या जागलीला येऊ लागला आणि मागल्या हिवाळ्यात, तुरीच्या शेंगा भरल्या असताना, त्याने एका रात्री रानडुकरावर चाल केली. डुकराने त्याची मांडी फाडली. सकाळी तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांकडे टाके, इंजेक्शने आणि मलमपट्टी मिळून 2,700 रुपये झाले आणि ऑटोवाल्याने, रक्ताने सीट भरल्याचे कारण सांगून, 800 रुपये घेतले. ही वार्ता पुण्यात पोचताच भाच्याचा फोन आला. “मामा, तुम्ही पेट इन्शुरन्स का काढत नाही? आमच्या ब्रूनोचा आहे,” असे तो म्हणाला आणि एका कंपनीचा अर्ज त्याने माझ्या मोबाइलवर पाठवून दिला. तीस हजारांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आणि वर्षाचा हप्ता 3,800, असे त्यात दिसत होते.

अर्जाचा पहिला रकाना जातीचा होता. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या आर्वी-कारंजा भागाने गवळाऊ गाईची जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या भागातल्या माणसाला आपल्या कुत्र्याची जात सांगता येऊ नये ही नामुष्कीच होती. यादीत लॅब्राडोर होता, जर्मन शेफर्ड होता, आपला मुधोळही होता. भुऱ्याला मात्र शेवटच्या ‘इतर’ या ओळीत जागा मिळाली. जन्मतारखेच्या रकान्यात मी पीक विम्याची पावती शोधून तिच्यावरच्या तारखेतून अंदाजे दोन महिने मागे गेलो, कारण बहुतेक पॉलिसींत कुत्र्याच्या वयाला वरची मर्यादा असते आणि भुऱ्या उगाच म्हातारा ठरून चालणार नव्हते. त्यानंतर चारही बाजूंनी फोटो हवे होते. भुऱ्या एका बाजूनेही स्थिर राहत नाही.

वजनाचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. घरचा काटा पाच किलोंपुढे जात नाही, म्हणून मी त्याला गावातल्या कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर नेले. तिथे चार माणसांनी धरून त्याला उभे केल्यावर काटा एकोणीसवर थांबला. व्यापाऱ्याने वहीत मात्र अठरा लिहिले. मी विचारले तेव्हा तो थोडासा ओशाळला आणि म्हणाला, “ओलावा हाय न सर, एक किलो कटती.” माझ्या कपाशीच्या बाबतीत जे गणित मी दरवर्षी निमूटपणे सोसतो, ते कुत्र्याच्या बाबतीत मला सहन झाले नाही आणि मी पूर्ण एकोणीस किलो लिहून घेतले. व्यापाऱ्याशी घातलेल्या वादात जिंकण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग होता.

काट्यावरून ही बातमी चावडीवर गेली. संध्याकाळी शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले. “सर, कुत्र्याचा इमा काढता मनते? आमच्या कपाशीचा तं आला नाई अजून,” असे त्यांनी सुरू केले. काकांचे म्हणणे दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते. एक रुपयाची योजना आता बंद झाली असून खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबियांना विमा रकमेच्या कमाल 2 टक्के, आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला कमाल 5 टक्के हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. गारपिटीसारखे स्थानिक संकट आले तर 72 तासांत कळवावे लागते, आणि त्या 72 तासांत नेमकी रेंज नसते. विमा म्हणजे हप्ता वेळेवर जाणे आणि भरपाईची बातमी पेपरात वाचणे, ही गावाची समजूत काही एका दिवसात तयार झालेली नाही.

आईचा आक्षेप वेगळ्या प्रकारचा होता. तिने सत्तरी ओलांडली आहे, आणि सत्तर वर्षांवरील सर्वांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड तिने उशीखाली ठेवले आहे. “मी फुकटात पाच लाखाची झाली, अन् हा पैसे भरूनही तीस हजाराचाच काय?” असे तिने विचारले. तिच्या स्वरात भुऱ्याविषयी कणव होती आणि स्वतःविषयी किंचित अभिमानही होता. जनावराची किंमत ठरवण्याचा तिचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे. 2022 मध्ये लम्पी आजारात आमचा बैल गेला तेव्हा सरकारने दुधाळ जनावराला तीस हजार, ओढकामाच्या बैलाला पंचवीस हजार आणि वासराला सोळा हजार अशी मदत ठरवली होती. तो कागद तिने वाचून घेतला आणि पंचवीस हजारांत बैल कुठे मिळतो हे सरकारने दाखवून द्यावे, असे तलाठ्याला सुनावले. तिच्या तीन शेळ्यांचा विमा मात्र तिला पटतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात हप्त्याचा 15 टक्के वाटा पशुपालकाचा आणि उरलेला केंद्र व राज्य सरकारचा असतो. कानात बिल्ला ठोकायचा, आणि शेळी मेली तर बिल्ल्यासकट दाखवायची. बिल्ला नसेल तर पैसे नाहीत. शेळी नुसती आजारी पडली तर त्या विम्याला तिच्याशी कर्तव्य नसते. कुत्र्याच्या विम्याचा सारा भर उपचारांवर असतो, हे मी आईला समजावले, तेव्हा तिने त्याच्याही कानात बिल्ला ठोकून घेण्याचा सल्ला दिला.

मग मी पॉलिसीचे शर्तीपत्रक वाचायला बसलो. शासकीय परिपत्रके वाचून माझी नजर तयार झालेली आहे, तरीही या कागदाने मला घाम फोडला. विमा घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस आजार मोजला जाणार नाही. आधीपासूनची व्याधी मोजली जाणार नाही, म्हणजे डुकराने फाडलेली मांडी पुन्हा दुखू लागली तर ती आमची. लसीने टळू शकणारा रोग लस न टोचल्यामुळे झाला, तर तोही आमचा. लसींचा खर्च आमचा, जंताच्या गोळीचा आमचा, गोचिडांचा आमचा आणि ऑटोचाही आमचा. जे बिल कंपनीने मान्य केले, त्यातला 20 टक्के वाटा पुन्हा आमचाच. याउलट, कुत्रा हरवल्यास जाहिरातीचा खर्च देऊ, असे कंपनीने उदारपणे कबूल केले होते. भुऱ्या रोज सकाळी हरवतो आणि रोज दुपारी बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीजवळ सापडतो. या कलमाखाली आम्ही कंपनीला महिनाभरात बुडवू शकलो असतो. कुत्र्याने तिसऱ्या माणसाचे नुकसान केल्यास त्याची जबाबदारी घेणारेही एक कलम होते. ते वाचताना पत्नीला आणि मला एकाच वेळी पोस्टमनची आठवण झाली.

पत्नी महिला बचत गटाची सचिव आहे आणि भावनेच्या भरात कर्ज मागणाऱ्या बायकांना शांतपणे परत पाठवण्याचा तिला सराव आहे. तिने वही उघडून डुकराच्या प्रसंगाचाच हिशेब मांडला. एकूण खर्च 3,500, त्यातून ऑटोचे 800 वगळून 2,700, त्यातून आमचा पाचवा हिस्सा वगळला तर कंपनीकडून 2,160 मिळाले असते, आणि त्यासाठी आपण 3,800 भरले असते. मी तिला म्हणालो की विमा असल्या किरकोळ बिलांसाठी घ्यायचाच नसतो. हाड मोडून शस्त्रक्रियेची वेळ आली आणि बिल पंचवीस हजारांवर गेले, तर त्या दिवसासाठी तो असतो. हे तिला पटले, आणि म्हणूनच तिने पुढचा प्रश्न विचारला : “ती शस्त्रक्रिया करणार कुठे?”

या प्रश्नापुढे अर्जातले सगळे रकाने फिके पडले. गावाजवळचा सरकारी दवाखाना गाई-म्हशींचे उत्तम पाहतो. 1962 या क्रमांकावर फोन केला तर फिरते पथकही येते. पण कुत्र्याच्या मोडलेल्या पायात सळी घालायची तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते, जे इथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि शासकीय असल्यामुळे तिथली फी पुण्यातल्या दवाखान्यासारखी नाही. म्हणजे जिथे बिल मोठे होते तिथवर आम्ही पोचत नाही, जिथे आम्ही पोचतो तिथे बिल मोठे होत नाही, आणि मधल्या शंभर किलोमीटरच्या गाडीभाड्याला, जे आमचे खरे संकट आहे, पॉलिसीत जागा नाही. भाच्याच्या ब्रूनोला हा विमा शोभतो, कारण त्याच्या सोसायटीच्या दारात जनावरांचा रात्रभर उघडा दवाखाना आहे. आम्ही 3,800 रुपये भरून त्या दवाखान्याचे आभार मानण्यासारखे झाले असते.

विमा नाही, असे ठरले. लसीकरणावर मात्र पत्नीने काटकसर मान्य केली नाही, आणि तिचे बरोबर आहे. रेबीजची लस कुत्र्याला दरवर्षी टोचणे काही शेकड्यांत होते, आणि 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी अनेक ठिकाणी ती मोफतही मिळते. ती चुकवली आणि भुऱ्या कोणाला चावला, तर त्या माणसाला पहिल्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत दवाखान्याच्या फेऱ्या माराव्या लागतात, आणि आमच्या बाबतीत तो माणूस कोण असेल हे सांगायला नको.

उरलेल्या प्रश्नासाठी पोस्टात 300 रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडण्यात आले. त्यातून बारा हप्ते भरल्याशिवाय कर्ज काढता येत नाही, आणि तेही जमा रकमेच्या निम्मेच. म्हणजे पहिले वर्षभर भुऱ्याने मोठे आजारपण काढू नये, ही अट आमच्याही योजनेत आहेच. तोवर गरज पडली तर बचत गट आहे, असे सचिवांनी स्वतः सांगितले, मात्र अर्ज रीतसर द्यावा लागेल. विम्याचा हप्ता चुकला आणि पॉलिसी खंडित झाली असती, तर सुरुवातीचा वाट पाहण्याचा काळ नव्याने मोजावा लागला असता. पोस्टात शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड भरला की काम होते. आम्हाला लगेच त्याचा अनुभव आला. जूनचे 300 रुपये कपाशीच्या बियाण्यात गेले आणि जुलैत दोन हप्त्यांसोबत तीन रुपये दंड भरावा लागला. पत्नीने ते तीन रुपये वहीत भुऱ्याच्या नावावर टाकले आहेत. माझे म्हणणे असे की ते कॉलेजच्या नावावर टाकावेत, कारण मार्चचे मानधन अजून आलेले नाही. पण वही तिच्याकडे असते.