लवकर लावलेली आग आणि मिथेनचा हिशेब

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या सॅव्हानांमधील, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशांतील, वणव्यांवर जेरेमी रसेल-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनाविषयी मी लिहिले होते. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच मुद्दाम लहान आगी लावल्या तर उशिराचे मोठे वणवे टळतात आणि मिथेनसारख्या तापवर्धक वायूंचे उत्सर्जन घटते, असा त्याचा सारांश; या घटीसाठी एक वायू प्रकल्प पैसेही देऊ लागला. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला गवत ओलसर असते, ते धुमसत जळते आणि त्यातून उलट अधिक मिथेन निघतो, हा पहिला. कार्बन डायऑक्साइड हिशेबातच न धरणे ही पळवाट आहे, हा दुसरा. आणि या साऱ्याचा लाभ शेवटी नैसर्गिक वायूच्या कंपन्यांनाच मिळतो, हा तिसरा. यांतील पहिला सर्वांत वजनदार असल्यामुळे त्यालाच अधिक जागा देतो.

अपुऱ्या ज्वलनातून मिथेन अधिक निघतो, हे आपण योग्यच मांडले आहे. आफ्रिकेतील अभ्यासांत तसे दिसलेही आहे: ऋतू पुढे सरकतो आणि गवत वाळत जाते, तसा दर किलो इंधनामागे निघणारा मिथेन कमी होतो. मात्र हा निष्कर्ष उचलून उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नेम लँड या प्रदेशाला लावता येत नाही. तेथील पुष्कळ भागांत ज्वारीच्या कुळातील वर्षायू रानगवत वाढते. पावसाळ्यात ते माणसाहून उंच होते, बी गळून पडते आणि पाऊस थांबल्यावर थोड्याच काळात पार वाळून जाते. शिवाय बारीक इंधनात निलगिरीवर्गीय झाडांच्या पालापाचोळ्याचा वाटा मोठा असतो. सी. पी. मेयर, गॅरी कुक आणि इतर शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रत्यक्ष मोजमापांत मिथेनच्या उत्सर्जन गुणांकात, म्हणजे ठरावीक इंधन जळताना निघणाऱ्या मिथेनच्या प्रमाणात, ऋतूनुसार फरक आढळला नाही. आढळला तो वनस्पतींच्या प्रकारानुसार, आणि तोही दुपटीहून अधिक. म्हणूनच हीच पद्धत आफ्रिकेत नेताना तेथील गुणांक नव्याने मोजल्याखेरीज एक टनही उत्सर्जन घटल्याचा दावा करू नये, असे माझे मत आहे, आणि तेवढ्यापुरता मी आपल्याच बाजूचा आहे.

मग गुणांक तोच असताना उत्सर्जन घटते कशामुळे? तर जळणारे इंधनच कमी असते म्हणून. एप्रिल ते जुलै या काळात रात्री दव पडते, हवा तुलनेने थंड असते, आणि लावलेली आग ओढ्याकाठी किंवा खडकाळ जमिनीशी पोहोचून विझते; मधले कितीतरी तुकडे न जळता राहतात. ऑगस्टनंतरचा वणवा मात्र उष्ण वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे पसरत जातो आणि गवताबरोबर पडलेले ओंडके व झुडपेही गिळतो. काकाडू राष्ट्रीय उद्यानातील कापाल्गा येथे १९९० ते १९९४ या काळात झालेल्या प्रयोगात लवकरच्या आगींची तीव्रता पुढे सरकणाऱ्या ज्वालांच्या आघाडीच्या दर मीटरमागे सरासरी २,००० किलोवॅटच्या आसपास होती, तर उशिराच्या आगींची ७,००० किलोवॅटहून अधिक. आपल्या युक्तिवादात लवकरच्या आगीची तुलना ‘आगच नसण्याशी’ केलेली दिसते, आणि माझा मुख्य मतभेद तिथेच आहे. दरवर्षी पावसात गवत वाढते आणि नंतर सहा-सात महिने जवळजवळ पाऊसच पडत नाही, अशा प्रदेशात आग नसण्याचा पर्याय उपलब्ध नाही. विसाव्या शतकात मूळ रहिवासी आर्नेम लँडचे पठार सोडून ख्रिस्ती मिशनांमध्ये आणि वसाहतींमध्ये गेले, त्यांचे पायी फिरत ठिकठिकाणी आग लावणे थांबले, आणि त्यानंतर उशिराचे प्रचंड वणवे ही नित्याची गोष्ट झाली. आता लवकर लावली जाणारी आग या वणव्यांच्या जागी येते; ती त्यांच्यात भर घालत नाही.

कार्बन डायऑक्साइडविषयी थोडक्यात सांगतो. जळलेल्या गवताचा कार्बन पुढच्या पावसाळ्यातील वाढीत परत शोषला जातो, म्हणून हिशेबात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरले जातात. शंभर वर्षांच्या मापाने त्यांचा तापवर्धक प्रभाव अनुक्रमे सुमारे २८ पट आणि २६५ पट मानला जातो. लाकडाला मात्र हे गणित तितकेसे लागू पडत नाही, कारण जळालेला ओंडका एका पावसाळ्यात भरून येत नाही. मृत लाकूड व पाचोळ्यात साठणारा कार्बन ऑस्ट्रेलियन सरकारच्या २०१८ च्या मोजणी-पद्धतींत समाविष्ट झाला, तो याच कारणाने.

राहिला कंपन्यांचा प्रश्न. पश्चिम आर्नेम लँडमधील सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवरील प्रकल्पासाठी २००६ साली डार्विनच्या द्रवरूप वायू प्रकल्पाशी करार झाला, आणि वर्षाला सुमारे दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर तेथील मूळ रहिवाशांच्या वनरक्षक गटांच्या कामासाठी मिळू लागले. त्या बदल्यात वर्षाला एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टाळणे अपेक्षित होते. या पैशामुळे लोक आपल्या भूमीवर परतून काम करू शकले, हे मला मोलाचे वाटते. त्याने वायू प्रकल्पाच्या धुराड्यातून निघणारा कार्बन मात्र एका टनानेही कमी होत नाही, आणि कंपनी तसे भासवत असेल तर आपला राग रास्त आहे. फक्त तो वणवे मोजणाऱ्यांवर काढू नये.