काळा आजार संपलेला नाही, आणि तो घाणीचा आजारही नाही

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘काळा आजार देशातून हद्दपार झाला. तो घाणीत राहणाऱ्या बिहारी लोकांना व्हायचा. डबक्यातले डास आणि गल्लीतली कुत्री तो पसरवतात. बिहारचा माणूस कामावर ठेवलात तर जपून राहा.’ शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना. काळा आजार (कालाजार) म्हणजे एका सूक्ष्म परजीवीमुळे, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात जगणाऱ्या जिवामुळे, होणारा लांबणारा ताप; तो एका माशीच्या चावण्यातून पसरतो.

आधी ‘हद्दपार’बद्दल. गोंधळ ‘निर्मूलन’ या शब्दाने झालाय. तो वाचला की मुळासकट उपटून टाकलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. सरकारी उद्दिष्ट तसं नाही. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातल्या ५४ जिल्ह्यांतले ६३३ प्रखंड (तालुक्यासारखे विभाग) बाधित मानले जातात. त्या प्रत्येक प्रखंडात वर्षाला दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच ‘निर्मूलना’चा अर्थ. २०२३च्या अखेरीस तो टप्पा गाठला गेला. १९९२ साली देशात ७७ हजारांवर रुग्ण आणि चौदाशेहून जास्त मृत्यू नोंदले गेले होते. २०२३ मध्ये रुग्ण सहाशेच्याही आत आले. गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंचं आणि फवारणी करणाऱ्या मजुरांचं हे यश आहे, त्याला कमी लेखायचं नाही.

पण ‘संपला’ असं आपल्याला याआधीही एकदा वाटलं होतं. १९५० आणि ६०च्या दशकांत मलेरियासाठी घराघरांत डीडीटी मारली गेली. तिने काळ्या आजाराची माशीही मेली आणि रोग जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली, आणि सत्तरच्या दशकात मुझफ्फरपूर, वैशाली भागात तो साथ होऊन परतला. मधल्या काळात तो कुठे दडला होता? एक जागा ठाऊक आहे: माणसाची त्वचा. बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या अंगावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, फिकट चट्टे किंवा गाठी उठतात. दुखत नाही, ताप नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. पण त्या त्वचेत परजीवी जिवंत असतो, आणि चावणाऱ्या माशीला तो तिथून मिळतो. त्यामुळे रुग्णांचा आकडा शंभरापर्यंत खाली आला तरी हे चट्टे शोधत राहावंच लागतं.

डासाचा इथे काही संबंध नाही. रोग पसरवते ती वाळूमाशी, बिहारमध्ये जिला बालू मक्खी म्हणतात. दोन-तीन मिलिमीटरची, वाळूच्या रंगाची, आवाज न करणारी. ती साठलेल्या पाण्यात वाढत नाही. शेण आणि पालापाचोळा मिसळलेल्या ओलसर मातीत वाढते. दिवसा भिंतीच्या भेगांत बसते, रात्री चावते. तिला फार उडता येत नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आत शिरू शकते, जाळी बारीक लागते. (नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला विषाणूही वाळूमाशीच पसरवते. तेव्हा ही माशी आपल्याला परकी नाही.) कुत्र्यांचं म्हणाल, तर ब्राझीलमध्ये आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत या रोगाचा परजीवी कुत्र्यांच्या शरीरात टिकून राहतो आणि तिथून माशीला मिळतो. भारतात हा रोग माणसाकडून माशीकडे आणि माशीकडून माणसाकडे जातो.

आता ‘घाण’. या शब्दाचा मला खरा राग आहे. धोका वाढतो तो मातीच्या भेगाळलेल्या भिंतींमुळे, घराला टेकलेल्या गोठ्यामुळे, जमिनीवर झोपावं लागल्यामुळे आणि अर्धपोटी राहिल्यामुळे. लागण झालेले कित्येक जण कधी आजारीच पडत नाहीत. शरीर कुपोषित असेल किंवा एचआयव्ही असेल, तर रोग उसळण्याची शक्यता बरीच वाढते. बिहारमधल्या मुसहर या गरीब दलित समाजाच्या वस्त्यांवर त्याचा जास्त घाला पडला, तो याच कारणांनी. उलट नीटनेटकेपणाच इथे कधीकधी आड येतो: फवारलेली भिंत सणासाठी लिंपून सारवली, की औषध मातीखाली जातं.

राहिला शेजारी झोपणारा, जेवणारा बिहारी कामगार. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही. तुमच्याकडे काम करणाऱ्या, बाधित जिल्ह्यातून आलेल्या कुणाला दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल, वजन घटत असेल, डाव्या बरगडीखाली पोट फुगल्यासारखं वाटत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या आणि त्याचं गाव कुठलं ते आवर्जून सांगा. मुंबई-पुण्यातल्या डॉक्टरच्या मनात मलेरिया, टायफॉइड, टीबी आधी येणार. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन करायची चाचणी थोड्या वेळात उत्तर देते, आणि बहुतेक रुग्णांना शिरेतून दिलेला औषधाचा एकच डोस पुरतो. उपचार न मिळालेल्यांपैकी मात्र शंभरातले पंच्याण्णवहून अधिक दगावतात.