हरलेला किल्लाही जपतात

टोरांटोच्या ऐन शहरात, गार्डिनर एक्सप्रेसवेला खेटून, काचेच्या टॉवरांच्या गराड्यात फोर्ट यॉर्क उभा आहे. भारतातून पाहुणे आले की नायगारा झाल्यावर मी त्यांना इथे नेतेच. राजगड चढलेली माणसं विचारतात, "हा किल्ला?" खरंच, मातीचे बुटके तट, विटांच्या बराकी, काही तोफा. पूर्वी तटाखालीच सरोवर होतं. भराव टाकत टाकत शहराने तेही दूर लोटलं.

त्यातून हा पडलेला किल्ला. कॅनडा तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. २७ एप्रिल १८१३ रोजी अमेरिकी फौज चालून आली. माघार घेताना इंग्रजांनी स्वतःच दारूकोठार उडवलं, त्यात अमेरिकी सेनानी पाईक दगावला. अमेरिकनांनी यॉर्क गावातली, म्हणजे तेव्हाच्या टोरांटोतली, संसदेची इमारत जाळली. ही हार इथे लपवत नाहीत. १९०९ मध्ये महापालिकेने किल्ला विकत घेतला. १९५०च्या दशकाअखेर एक्सप्रेसवे किल्ल्यावरूनच न्यायचा बेत झाला, तेव्हा नागरिक अडून बसले. रस्ता वळवावा लागला.

२०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा इथल्या मराठी घरांतही पेढे वाटले गेले. पण मुंबईतल्या शीव, शिवडी, वरळी, माहीम या किल्ल्यांचा विषय काढला की उत्तर येतं, "ते आपले कुठे? इंग्रजांचे." हे मला मुळीच पटत नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि माहीमच्या खाडीपलीकडे मराठे येऊन ठेपले. त्या धास्तीने इंग्रजांनी मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणला. तो बुजला, कोटाची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली. मराठ्यांचा दरारा पलीकडच्या काठावरून कसा दिसायचा, ते सांगायला आता मुंबईत हे छोटे किल्लेच उरलेत.

तुलना सरसकट करता येणार नाही, हे मान्य. माहीमची गोष्ट वेगळी. तिथल्या किल्ल्यात कित्येक वर्षं कुटुंबं राहत होती; त्यांना २०२२ मध्ये दुसरीकडे घरं देऊन किल्ला मोकळा केला. सगळ्यांत कठीण काम तेच होतं, आणि ते झालं. आता रोज ठरल्या वेळी उघडणारं दार हवं, पगारी माहितगार हवेत, पालिका शाळांच्या सहली हव्यात. आणि वरळीला ते माहितगार कोळीवाड्यातलेच असावेत. त्या तटाच्या सावलीत ते वाढलेत. पहिला हक्क त्यांचा.